पातळ सोलचे बूट

बसा ताई, त्या खोक्यावर बसा. अहो काचेच्या नाही, पुस्तकांच्या! हां. मघापासून बघतोय, ते कापडी बूट हातात धरून उभ्या आहात. एकदा कचऱ्याच्या पिशवीकडे बघता, एकदा खोक्याकडे. दिसायला झकास आहेत, सगळी पोरंपोरी हल्ली तेच घालून फिरतात, पण पायाला बरे का वाईट, ते ठरत नाही, असंच ना? मला विचारलंत ते बरं केलंत. या बुटांवर आमच्या घरात अशी भांडणं झालीत की काय सांगू. आता खाली फाटकात कुणीतरी मोटार आडवी लावून गेलंय. तिचा मालक सापडेपर्यंत आमची गाडी आत येत नाही. तोवर गोष्ट सांगतो, मजेची आहे. ऐका, आणि मग काय टाकायचं ते टाका.

खाली गाडीपाशी तो बारीकसा, टकल्या माणूस बघितलात ना? दोऱ्या सोडवत होता तो? माझा धाकटा भाऊ. त्याला सगळे रिव्हर्स म्हणतात. आईनं ठेवलेलं नाव आता त्याची बायको वापरते, तेही फक्त रागावली की. म्हणजे तसं रोजच्या वापरात आहे म्हणा.

रिव्हर्स का, तर तो जिना उलटा उतरतो. जड कपाट खाली न्यायचं तर दोघं लागतात. एक वरून धरतो, एक खालून. वरचा मी. माझं तोंड उताराकडे, मला सगळं दिसतं. खालच्याचं तोंड कपाटाकडे आणि पाठ जिन्याकडे. त्याला पायरी दिसत नाही. वळून बघायला गेला तर कपाट कलतं. मग तो काय करतो? पायानं बघतो. चवडा मागे सोडायचा, खालची पायरी चाचपायची, पायरीची कड तळव्याला कुठे लागतेय ते समजून घ्यायचं, आणि मगच अंगावर वजन घ्यायचं. पाय नीट बसला की आमचा रिव्हर्स म्हणतो, "आली." म्हणजे पायरी आली. तो "आली" म्हणाला की मी वरून एक पायरी सोडतो. आली, आली, आली, असं करत आम्ही अख्खे संसार खाली उतरवलेत. वरच्याला खालच्याचं तोंड दिसत नाही बरं का. कपाटाच्या कडेला त्याची बोटं तेवढी दिसतात. आमचं सगळं बोलणं त्या बोटांशी आणि त्या एका शब्दाशी.

आणि एके दिवशी तो पडला.

कुणाची चूक म्हणाल तर कुणाचीच नाही. जिना नुकताच पुसलेला होता, शेवटच्या टप्प्याला पाय सटकला. घोट्याचं हाड मोडलं. खाली पडल्या पडल्या पहिला प्रश्न काय विचारला असेल त्यानं? "आरसा फुटला का?" म्हटलं, मूर्खा, तू फुटलायस! कपाटाला ओरखडासुद्धा नव्हता. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं त्यानं.

प्लास्टर निघालं. डॉक्टरीण म्हणाली, हाड पक्कं झालंय, आता चाला, पळा, नाचा. हा चालला, पळाला. बायको म्हणाली म्हणून जरासा नाचलाही. पण कामावर आला, कपाट धरलं, पाय मागे सोडला आणि पाय हवेतच. खाली येईना. मी वर वाट बघतोय, बोटं पांढरी पडलीत, "आली" काही येत नाही. शेवटी म्हणाला, "दादा, ठेव. ठेव खाली." ठेवलं. जिन्यात बसून राहिला, कपाळाला घाम.

आता आम्ही घरच्यांनी काय केलं ते ऐका, खरी गंमत त्यात आहे. आमचा धंदा सामान बांधायचा. कप असो, आरसा असो, फुटेलसं वाटलं की गुंडाळायचं. कागद, वर गोणपाट, वर जुनं ब्लँकेट. जन्मभर तेच करून डोकंही तसंच झालंय. भावजयीनं त्याला बूट आणले. साधेसुधे नाहीत, पुढे लोखंड, खाली हा एवढा जाड सोल. घातले की माणूस ढगावर उभा असल्यासारखा दिसायचा. तरी पाय अडलाच. मग मी गेलो आणि आत घालायला त्या मऊ जेलच्या गाद्या आणल्या. तरी अडला. मग आमचा ड्रायव्हर, त्याला आम्ही काका म्हणतो, त्यानं स्वतःचे जाड लोकरी मोजे दिले. "घाल, पायाला आधार वाटेल." जितका तो जास्त घाबरायचा तितकं आम्ही जास्त गुंडाळायचो. आणि वर तोंडानं सगळ्यांचा एकच जप. सांभाळून. सांभाळून हं. अरे सांभाळून. तो स्वयंपाकघरातून पाणी आणायला उठला तरी भावजय म्हणायची, "सांभाळून!"

शेवटी त्यानंच हात टेकले. म्हणाला, "दादा, तू दुसरा खालचा बघ. मी कप गुंडाळतो."

मी एक पैलवान आणला. नाव शोभेल असा गडी, दंड बघितलात तर तुमच्या उशीएवढे. आणि माझा भाऊ, ज्याच्यासारखा खालचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, तो लोकांच्या स्वयंपाकघरात मांडी घालून कागदात कप गुंडाळत बसायचा. हसायचा, चेष्टा करायचा, पण मला कळायचं ना. जिन्यातून आमचा आवाज आला की त्याचा हात थांबायचा. मग एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "त्या मोठ्या दुकानात वॉचमन पाहिजे म्हणे. खुर्ची देतात. मी होकार कळवतो या आठवड्यात."

मी म्हटलं, "तू? खुर्चीवर?"

"का, मला बसता येत नाही का?"

"येतं रे. पण तू तिथं बसून करणार काय?"

"माणसं आत जाताना बघायची," म्हणाला, "सरळ."

हसला. मला काही हसू आलं नाही.

आता यात तुमच्यासारखे बूट कुठून आले? तर त्याची पोरगी, माझी पुतणी. चपलाबुटांच्या दुकानात कामाला आहे. तिथं नियम असा, की जे विकायचं तेच पायात घालायचं. आणि विकायचं काय, तर हे. कापडाचे, सपाट, खाली रबराची एक पट्टी, की झालं. दोन जोड मिळाले होते तिला, एक पांढरा, एक काळा. दिवसभर लादीवर उभी. संध्याकाळी घरी आली की आधी बादलीत गरम पाणी, त्यात पाय, आणि मग बोलायला सुरुवात.

"बाबा, टाचा अशा जळतात ना, जसं काही तव्यावर उभी होते."

रिव्हर्स म्हणायचा, "मग दुसरे घाल."

"चालत नाही. आणि दिवसभर हसून सांगते लोकांना, घ्या ना, एकदम कम्फर्टेबल आहेत."

"खोटं का बोलतेस? नको सांगू तसं."

"मग काय सांगू? दिसायला छान आहेत, संध्याकाळी रडाल?"

तिची आई आतून ओरडायची, "बादली रिकामी झाली की पुसून घ्या, नाहीतर हा परत घसरेल!" झालं. घरात कुठूनही सुरुवात करा, गाडी तिथंच यायची.

एक सांगायचं राहिलं. पोरीचे पाय बापासारखे. लांब, रुंद, अगदी त्याच मापाचे. लहानपणी शाळेत तिला बदक म्हणायचे, तेव्हा फार रडायची. आता तेच पाय कामाला आले बघा.

झालं असं की एका सकाळी भावजयीला त्या जाड बुटांचा वास असह्य झाला. लोकरी मोजे, जेल, घाम, आत काय शिजत होतं देवाला ठाऊक. तिनं उचलले आणि साबणाच्या पाण्यात बुडवले. गाद्या काढून तारेवर वाळत घातल्या, मोजे वेगळे टाकले. नवऱ्याला विचारलं? छे. हा कामावर निघाला तर बूट ठिबकतायत. पोरगी पांढरे घालून दुकानात गेलेली, काळे दाराशी पडलेले. यानं विचार केला, कप गुंडाळायला काय, काहीही चालेल. घातले आणि आला.

काकांनी गाडीतून बघितलं. "काय साहेब, कॉलेजला ॲडमिशन मिळाली वाटतं?"

"मिळाली," हा म्हणाला. "तुमच्या वर्गात जागा नव्हती, म्हणून पुढच्या वर्गात घातलं."

त्या दिवशीचं काम एका गाण्याच्या शिक्षिकेचं. आता रिटायर झालेल्या, पण आवाज? एखादा भोंगा बरा. वरच्या मजल्यावर राहायच्या, लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि वळणावरच्या पायऱ्या तिरप्या, एका बाजूला चिंचोळ्या. कपाट त्यांच्या आईचं, भरीव लाकूड, दाराला आरसा. मी वर, पैलवान खाली. रिव्हर्स स्वयंपाकघरात कपांजवळ.

सरळ पायऱ्यांवर ठीक चाललं. वळणावर आलो आणि घोडं अडलं. पैलवानाच्या पायात जाडजूड, फुगीर पळायचे बूट. एक पाय मागे टाकला, पायरी चिंचोळी, त्याला कळेना पाय अर्धा बसलाय की पुरता. वळून बघायला गेला तर कपाट कललं. मी वरून ओढून धरलं, खांद्यावरचा पट्टा असा रुतला की डोळ्यापुढे काजवे. वर ओढता येत नाही, तिथं टेकवता येत नाही, खाली जाता येत नाही. पैलवानाचे ते मोठे दंड, आणि खाली पाय नुसता चाचपडतोय.

"मुकादम," तो म्हणाला, आवाज अगदी पोरासारखा झालेला, "मला पायरी सापडत नाही."

आणि वरून बाई, कठड्यावरून वाकून, सगळा जिना दणाणून सोडत, "सांभाळूऽऽन!"

रिव्हर्स दारात आला. हातात अर्धा गुंडाळलेला कप. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं.  मला कळेना, ये म्हणू, का नको येऊ म्हणू? त्यानं तो कप बाईंच्या हातात दिला आणि कठडा आणि कपाट यांच्या फटीतून असा सरकला, जसा पत्रपेटीत कागद. तुम्ही आम्ही अडकलो असतो. खाली पोचला, पैलवानाच्या शेजारी उभा राहिला, त्याच्या बोटांशेजारी आपली बोटं लावली. म्हणाला, "सोड हळूच. घेतलं मी. तू खाली जा आणि तिथल्या चपला उचल."

पैलवान सुटला. आता मला फक्त ती बोटं दिसतात. माझ्या भावाची, ओळखीची. आणि ती पांढरी पडायला लागली.

मला कळलं, पाय हवेत आहे.

बाईंनी छाती भरून श्वास घेतला, मला ऐकू आला तो. "सांभाळूऽऽ..."

"बाई, गप्प बसा हो!" खालून रिव्हर्स ओरडला. "मला पायरी ऐकू येत नाही!"

बाई गप्प. जन्मात त्यांना असं कुणी म्हटलं नसेल. माझ्याही जिभेच्या टोकाशी तोच शब्द आला होता ताई, खोटं कशाला बोलू. दात आवळून धरला. सगळा जिना चिडीचूप. कुठंतरी नळ गळत होता, तेवढाच आवाज.

आणि मग खालून, अगदी सावकाश, जसं काही त्याला स्वतःलाच नवल वाटतंय, असा आवाज आला.

"आली."

मी एक पायरी सोडली.

"आली." परत सोडली. "आली... आली... इथं तिरपी आहे दादा, उजवा हात वर घे... आली."

किती दिवसांनी तो शब्द ऐकला मी! डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात कपाटाला. तसंच वाहू दिलं. बाईंना वाटलं पट्टा रुतला म्हणून.

कपाट खाली टेकलं तेव्हा जीव भांड्यात पडला. मी धावत पुढे गेलो, तर हा आपला पायाकडे बघतोय. उजवा पाय उचलला, बुटाचा तळ बघितला, बोटानं दाबला.

"काय रे, लागलं का?"

"लागलं," म्हणाला. "कड लागली दादा. पायरीची कड, स्पष्ट. हाताला टेबलाची कड लागावी तशी. त्या जाड बुटात मला पायरी कधी सापडलीच नव्हती. मला वाटायचं, मीच संपलो." मग पाय खाली टेकवला. "तुम्ही सगळ्यांनी मिळून माझे पाय गुंडाळून ठेवले होते रे."

मी म्हटलं, "फुटशील म्हणून."

"मी काय कप आहे?"

काकांनी तेवढ्यात गाडीतून विचारलं, "कॉलेज सुटलं का?" आणि आम्ही सगळे असे हसलो, की बाई वरून बघायला आल्या, हातात तोच अर्धा गुंडाळलेला कप.

संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या घरी गेलो. कारण मला माहीत होतं, खरी लढाई तिथं आहे. पोरगी आली, काळे बूट बघितले. धुळीनं माखलेले, एका बाजूची शिवण उसवलेली.

"बाबा! माझे बूट!"

"अगं, काय बूट आहेत!" हा सुरू झाला. "इतके आरामशीर बूट मी जन्मात घातले नाहीत."

"आरामशीर?" ती बादलीत पाय ठेवून त्याच्याकडे अशी बघायला लागली, जसं काही बापाला ताप आलाय. "हे?"

"हेच. पायाला सगळं कळतं."

"कळतंच ना! लादी कळते, खडा कळतो, लादीखाली काय आहे तेही कळतं! मला नको आहे कळायला!"

"मला पाहिजे आहे!"

मग दोघं माझ्याकडे वळले. पोरगी म्हणते, काका, तू सांग. बाप म्हणतो, दादा, तू सांग. मी म्हटलं, मला मध्ये घेऊ नका, माझा पाय त्यात मावत पण नाही. पण आमची पोरगी बोलण्याइतकीच विचारही करते.  मग ओल्या पायानंच उठली, तारेवरच्या त्या जेलच्या गाद्या काढल्या, आपल्या पांढऱ्या बुटात सरकवल्या, घातले आणि स्वयंपाकघरात चालून बघितलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

"अगं बाई," म्हणाली. एवढंच.

तिची आई कमरेवर हात ठेवून उभी. "म्हणजे मी एवढे शोधून आणलेले बूट आता कुणाच्याच उपयोगाचे नाहीत?"

आहेत ना. तुमचं पुढचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खाली काय लावलंय बघा. तोच तो. पुढे लोखंड आहे त्याच्या, हलत नाही. दुसरा मागच्या दाराला आहे. इतका कामाचा बूट दुसरा नाही, फक्त पायात घालायचा नाही.

वॉचमनची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. बसू दे बापड्याला. पैलवान आमच्याकडेच आहे, आता वरचा होतोय, मलाही वय झालं. आणि पोरगी हल्ली गिऱ्हाइकाला कम्फर्टेबल-बिम्फर्टेबल सांगत नाही. आधी विचारते, घालून करणार काय? दिवसभर उभं राहणार असाल तर आत गादी घाला, नाहीतर दुसरे घ्या. तिचा साहेब आधी कुरकुरला, पण लोक तिलाच शोधत येतात म्हटल्यावर गप्प बसला.

सगळं छान झालं असं मात्र समजू नका हं. रिव्हर्सचा पाय अजूनही एखाद्या वळणावर हवेत थांबतो. मला बोटं दिसतात, मी थांबतो. येतो मग पाय खाली, त्याच्या वेळेनं. आणि परवा गाडी बंद पडली, हा बहाद्दर तेच पातळ बूट घालून डांबरी रस्त्यानं घरापर्यंत चालत गेला. आल्यावर टाचा बादलीत! पोरगी शेजारी उभी राहून काय हसली म्हणता. "काय बाबा, आरामशीर आहेत ना?"

तर तुमचं उत्तर तेच, ताई. मऊ नाहीत ते. मऊ म्हणून घ्याल तर शिव्या द्याल. पण पायाखाली काय आहे ते कळायला हवं असेल तर त्यांच्यासारखे दुसरे नाहीत. नव्या घरी जिने किती, उभं किती राहणार, चालणार किती, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मी असतो तर टाकले नसते.

ऐका, हॉर्न वाजला. सापडला वाटतं मोटारीचा मालक. आता रिव्हर्स वर येईल, पायात तुमच्यासारखेच काळे असतील, उसवलेली शिवण पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली. तुमचं ते कपाट घेऊन आम्ही जिन्याला लागू. तुम्ही कठड्यापाशी उभ्या राहाल, सगळेच राहतात. आरसा तुमचा आहे, नजर त्याच्यावरच राहणार. वळणावर आलो की एखाद वेळी सगळं थांबेल, कुणीच काही बोलणार नाही, आणि तुमच्या ओठावर तो शब्द येईल. काळजीनंच येतो, मला माहीत आहे. पण ताई, एवढं माझ्यासाठी करा. तो गिळून टाका, आणि त्याच्या तोंडून "आली" ऐकू येईपर्यंत जरा थांबा.